नामविलंब

पत्र आलं तेव्हा त्रिशला मगदूम सातवीच्या मुलींना बेडकाच्या हृदयाचे कप्पे फळ्यावर काढून दाखवत होती. शिपायानं दारातूनच खूण केली. हेडमास्तर कोळेकर सरांनी तिला आपल्या खोलीत घेऊन दार लोटलं. सर दार लावून कधीच बोलत नसत.

"बसा बाई. घाबरू नका," असं म्हणत त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

'शिक्षिका श्रीमती त्रिशला मगदूम यांच्या इंग्रजी नामसंचाच्या मापांत गेल्या चौदा महिन्यांत सलग वाढता विलंब आढळला आहे. त्यांनी दहा दिवसांच्या आत मिरज येथील स्मृती-तपासणी केंद्रात हजर राहावे. निकाल येईपर्यंत त्यांना वर्गावर पाठवू नये.'

"यंत्रच आहे शेवटी," कोळेकर सर म्हणाले. "तुमच्या बोलण्यात मला तर काही फरक जाणवत नाही. सेहेचाळीस म्हणजे काय वय आहे? पण नियम आहे. रजेचा अर्ज टाका. नववी मी सांभाळतो."

त्रिशलानं मान हलवली. अर्ज लिहिताना तिनं तारीख दोनदा खोडली. सरांनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. त्यांना वाटलं, बाईंना स्वतःची काळजी लागली.

त्रिशला विज्ञानाची शिक्षिका. दीड वर्षापूर्वी तासगावच्या या मुलींच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई निवृत्त झाल्या, जागा भरली गेली नाही आणि इंग्रजीचे तास तिच्या गळ्यात पडले. त्याच सुमारास सरकारी टॅब आले. रोज दुपारी टॅबवर दहा इंग्रजी वाक्यं यायची. त्यांतली नामं बोटानं टिपायची, एवढाच स्वाध्याय. दुसऱ्या दिवशी मुली सोडवणार, म्हणून शिक्षकानं आदल्या दिवशी स्वतः सोडवून नमुना द्यायचा. टॅबचा कॅमेरा चेहरा साठवत नसे, फक्त बुबुळांची हालचाल टिपायचा. नजर शब्दावर पडल्यापासून बोट टेकेपर्यंत किती वेळ गेला, ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचा. मुली नेमक्या कुठं अडतात ते कळावं म्हणून हे सगळं.

आणि त्या चौदा महिन्यांत त्रिशलानं नामसंच एकदाही स्वतः सोडवला नव्हता. तो सोडवत होती तिची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झालेल्या त्या इंग्रजीच्या बाई म्हणजे तिची अक्काच.

*

अक्का ओसरीवर सुपात बेदाणे निवडत बसली होती. एकोणसाठ वर्षांची, ताठ पाठीची, नाकावर चष्मा. आई गेली तेव्हा त्रिशला सहा वर्षांची होती आणि अक्का एकोणिसाची. तेव्हापासून या घरात दोघी होत्या आणि तिसरं माणूस आलं नव्हतं.

"लवकर आलीस? आण इकडं तुझं ते."

'ते' म्हणजे टॅब. अक्कानं 'टॅब' हा शब्द शेवटचा कधी उच्चारला होता, हे त्रिशला आठवू लागली. आठवेना.

"आज राहू दे. मी करते."

"तू? 'ब्यूटी' हे नाम का विशेषण, म्हणून मधल्या सुट्टीत फोन केला होतास मला. अख्ख्या स्टाफरूमसमोर. आण."

त्रिशलानं टॅब दिला आणि शेजारी बसली. रोज या वेळी ती भाकरीचं पीठ मळायला आत जायची, कारण दोघी दिवस मावळायच्या आत जेवत. त्यामुळे अक्काला संच सोडवताना तिनं नीट असं पाहिलंच नव्हतं.

'द हेरॉन स्टूड इन द रीड्स.' अक्काचं बोट शब्दाच्या वर आलं, जरा थांबलं, मग टेकलं. हिरवी खूण आली. 'द ब्लॅकस्मिथ लिफ्टेड हिज हॅमर ओव्हर द अँव्हिल.' पुन्हा तेच. बोट यायचं, क्षणभर रेंगाळायचं, मग टेकायचं. चूक एकही नव्हती.

"दहापैकी दहा," अक्का म्हणाली. "कोळेकराला सांग, म्हातारीचा पगार चालू करा."

"अक्का, हेरॉन म्हणजे काय गं?"

"म्हणजे? नाम."

"नाम आहे गं. पण काय?"

"पक्षी असणार काहीतरी. पाण्यात उभाय ना."

"कुठला पक्षी?"

"पाण्यातला! विज्ञान तू शिकवतेस का मी?" अक्का हसली.

त्रिशलाही हसली. मग अगदी सहज विचारल्यासारखं तिनं स्क्रीनवरच्या दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. "आणि हे अँव्हिल?"

अक्कानं शब्दाकडं पाहिलं. चष्मा वर केला, खाली केला. "आधी 'द' आलाय, म्हणून नाम. मुलींना एवढंच सांगायचं असतं."

"ऐरण गं. लोहाराची."

"ऐरण," अक्का म्हणाली. नव्या भाजीची चव घ्यावी तसा तिनं तो शब्द तोंडात घोळवला. "असेल."

जेवताना त्रिशला मोजत राहिली. 'ते जरा सरकव.' 'त्याच्यात घाल की.' 'आपलं ते हे कुठंय?' बोलणं नेहमीसारखं भरभर, ठसक्यात, वाक्यागणिक टोमणा. फक्त त्या वाक्यांत वस्तू नव्हत्या. आणि इतके महिने त्रिशला ती सवयीनं समजून घेत होती. अक्का 'ते' म्हणायची आणि हिचा हात आपोआप पळीकडं जायचा.

*

मिरजेला ती एकटीच गेली. यंत्रात दोष आहे, असं कुणीतरी जाणकारानं सांगावं, एवढीच तिची इच्छा होती. पत्रावर नाव आपलंच आहे, तर तपासणीही आपण देऊन टाकू. पुढचं पुढं.

केंद्रातल्या डॉक्टर नाझनीन शिकलगार पस्तिशीच्या होत्या. त्यांनी त्रिशलाला वीस वाक्यं दिली, मग पडद्यावर दोन आलेख शेजारी शेजारी लावले.

"तुम्ही विज्ञान शिकवता, म्हणून सरळ सांगते," त्या म्हणाल्या. "वाक्य बांधायचं काम मेंदूत मुख्यतः कपाळाच्या मागं, डाव्या बाजूला होतं. वस्तूंची ओळख साठते ती कानापुढच्या भागात, टोकाशी. हा आजार त्या टोकापासून सुरू होतो. एक प्रथिन पेशींमध्ये गुठळ्या करून साचतं. व्याकरण शाबूत राहतं, बोलण्याचा ओघ राहतो, पण नावं विझत जातात. आधी क्वचित लागणारी. बगळा जातो, पक्षी राहतो. मग पक्षीही जातो आणि 'ते' राहतं. माणूस अस्खलित बोलत असतो, त्यामुळे घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही."

"पण उत्तरं तर सगळी बरोबर होती."

"म्हणूनच वेळ मोजायचा. तुम्ही-आम्ही शब्द पाहिला की अर्थ आपसूक येतो आणि बोट हलतं. अर्थ आला नाही, तर मेंदू वळसा घालतो. मागचा शब्द कोणता, क्रियापद कुठंय, यावरून हे नाम असणार असं ताडतो. उत्तर बरोबरच येतं, पण वळशाला वेळ लागतो. आम्ही त्याला नामविलंब म्हणतो." त्यांनी पहिल्या आलेखावर पेन टेकवलं. "चौदा महिन्यांपूर्वी चारशे तीस मिलिसेकंद. आता नऊशे चाळीस."

"आणि माझं आजचं?"

"तीनशे नव्वद. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

त्रिशलाला हायसं वाटलं नाही. डॉक्टर तिच्याकडं रोखून पाहत होत्या.

"मगदूमबाई, महिन्याभरात असा आजार बरा होत नाही. म्हणजे एकतर यंत्र बिघडलंय, नाहीतर बोट दुसऱ्याचं आहे. टॅब आणखी कुणाच्या हातात असतो का?"

"नाही," त्रिशला म्हणाली.

तिनं ठरवून खोटं सांगितलं नव्हतं. तोंडातून ते आधी बाहेर पडलं. सरकारी काम दुसऱ्याकडून करून घेतलं हे कबूल केलं असतं, तर नोकरीवर बेतलं असतं, ही भीती होतीच. पण खरी भीती तिच्याही खाली होती. 'हो' म्हटलं की अक्का आजारी होणार होती.

"बरं," डॉक्टर म्हणाल्या. "मग यंत्रदोष म्हणून नोंद करते. सात दिवसांनी ही चौदा महिन्यांची मापं पुसली जातील. निरोगी माणसाची मापं ठेवायची कायद्यानं परवानगी नाही."

"आणि समजा... कुणाला खरंच हा आजार असेल तर?"

"इंजेक्शन आहे. महिन्याला एक, पाठीच्या कण्यात. गेलेलं परत येत नाही, पण जे उरलंय ते टिकतं. मात्र निदान पक्कं करायला वर्षभराची चढती मापं लागतात. आणि विलंब बाराशेच्या आत असावा लागतो. त्यापुढं औषधाचा उपयोग होत नाही, म्हणून देत नाहीत."

परतीच्या एसटीत त्रिशलानं वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. चौदा महिन्यांत पाचशे दहा. म्हणजे महिन्याला छत्तीस. नऊशे चाळीसवरून बाराशेला पोचायला सात महिने. अक्काची मापं नव्यानं घ्यायची म्हटली तर वर्ष लागणार. वर्षानं अक्का रेषेच्या पलीकडं गेलेली असेल.

एकच पुरावा होता. तो त्रिशलाच्या नावावर होता आणि सात दिवसांनी पुसला जाणार होता.

*

तीन दिवस तिला तोंड उघडता आलं नाही. ती घरीच आहे हे पाहून अक्का वैतागली.

"तुझी ही रजा संपणारय का? दिवसभर माझ्याकडं बघत बसतेस. मी काय बेडूक आहे?"

चौथ्या दिवशी सकाळी त्रिशलानं सगळं सांगितलं. पत्र, आलेख, इंजेक्शन, आकडे. विज्ञानाच्या तासाला सांगावं तसं क्रमानं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्याही रीतीनं सांगायला गेली असती तर मध्येच रडली असती.

अक्कानं हातातलं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "म्हणजे पत्र तुला आणि रोग मला. वाटणी बरी आहे."

"अक्का."

"तू लिहून दिलंस की ही करत होती, तर तुझं काय होईल?"

"चौकशी. निलंबन होईल बहुतेक."

"बारा वर्षं राहिलीयत तुझी. माझ्या पेन्शनवर दोघी बसायचं? आणि गावभर बोभाटा, मगदूमबाई वेडी झाली म्हणून? ज्या पोरींना मी शिकवलं त्यांच्या पोरी आता तुझ्या वर्गात आहेत." तिचा आवाज चढला. "मी नाही येणार. वय झालं की होतंच असं. तुला नाही आठवत काही वेळा?"

"मला ऐरण आठवते, अक्का."

अक्का उठून आत गेली. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी मात्र तिनं कपाटातून जुनी पाठ्यपुस्तकं काढली आणि ओसरीवर मांडी घालून बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. पान उलटायचं, बोट फिरवायचं, ओठ हलवायचे. "द, हे. अ, हे. हिज, हे." बोट आता भराभर पडत होतं. त्रिशलाला वाटलं, शब्दांची उजळणी चाललीय. तिला भरून आलं.

सहाव्या दिवशी अक्का म्हणाली, "येते मी उद्या. लिहून दे काय द्यायचं ते. बघू तरी तुझी डॉक्टरीण काय म्हणते."

*

सातव्या दिवशी अकरा वाजता त्रिशलानं केंद्रात लेखी निवेदन दिलं. चौदा महिन्यांचे नामसंच माझी बहीण पद्मावती मगदूम यांनी सोडवले आहेत. सही केली. डॉक्टर शिकलगारांनी तो कागद दोनदा वाचला, पण मागच्या खेपेच्या 'नाही'बद्दल एक शब्दही काढला नाही.

"हे नुसतं लिहून चालणार नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाच्या विलंबाची एक ठेवण असते, हस्ताक्षरासारखी. ताई, तुम्ही वीस वाक्यं सोडवा. ती जुन्या आलेखाला जुळली, तर मापं आजच तुमच्या नावावर करते. नाही जुळली, तर संध्याकाळी ती आपोआप पुसली जातील. मग मलाही काही करता येणार नाही."

"समजलं," अक्का म्हणाली. तिनं पदर खोचला आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसावं तशी बसली.

पहिलं वाक्य आलं. बोट टेकलं. दुसरं. टेकलं. त्रिशला डॉक्टरांच्या पडद्याकडं पाहत होती. तीनशे दहा. दोनशे नव्वद. तीनशे. जुन्या आलेखाचा शेवट वर कुठंतरी होता आणि नवे ठिपके तळाशी एका ओळीत पडत होते. वीस वाक्यं दीड मिनिटात संपली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मगदूमबाई, हे जुळत नाही. तुमच्या बहिणीचा वेग तुमच्याहूनही चांगला आहे."

अक्कानं त्रिशलाकडं पाहिलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी चांगला शेरा दिल्यावर दिसायचा तसा तिचा चेहरा दिसत होता. "ऐकलंस? उगाच माझ्या मागं लागली होतीस. आता तो कागद फाडून टाका, बाई. हिच्या नोकरीचा आहे तो."

तेव्हा कुठं त्रिशलाला ओसरीवरची ती दोन दिवसांची उजळणी कळली. अक्का शब्द पाठ करत नव्हती. ती ते न वाचायला शिकत होती. नजर फक्त 'द'वर ठेवायची, पुढं जे येईल त्यावर बोट टेकायचं. अर्थाची वाटच पाहायची नाही, म्हणजे तो आला की नाही हे कळायचाही प्रश्न नाही.

"डॉक्टर, आणखी एक संच देता येईल?"

"नियमानं आणखी एकदाच देता येतो. एकच."

"द्या."

"कशाला पण?" अक्का म्हणाली. "झाली की परीक्षा."

त्रिशला तिच्या खुर्चीजवळ खाली बसली. "अक्का, तू वाचत नाहीयेस."

"वाचतेय की."

"नाही. नुसती बोटं टेकवतेयस. वाक्य न वाचता उत्तर देणारी मुलगी तू वर्गाबाहेर काढायचीस. मला काढलं होतंस, सख्ख्या बहिणीला. सगळ्या शाळेनं पाहिलं होतं."

अक्का तिच्याकडं पाहत राहिली. मग तिची मान हळूहळू खाली गेली.

"वाचलं की भीती वाटते गं," ती अगदी हळू म्हणाली. "सगळं वाक्य कळतं. कोण आलं, काय केलं, कुठं ठेवलं. आणि मधेच एक भोक असतं. पुस्तक माझंच, पान माझंच, पेन्सिलीची खूणही माझ्या हातची. आणि तिथं भोक."

"कधीपासून?"

"तुझं ते आलं त्याच्याही आधीपासून. वाटलं, रोज करत राहिले तर बुजेल."

म्हणून 'आण इकडं'. त्रिशलाला वाटत आलं होतं की अक्का रोज तिच्यासाठी एवढं करते. तिनं अक्काचा हात धरला. तो गार होता.

"आता वाच," ती म्हणाली. "नाही कळलं तर नाही कळलं. पण वाच."

डॉक्टरांनी दुसरा संच लावला.

अक्कानं पहिलं वाक्य ओठांनी वाचलं. बोट वर गेलं, थांबलं, टेकलं. आठशे सत्तर. दुसरं, नऊशे वीस. ठिपके वर चढू लागले. जुन्या आलेखाच्या टोकाशी एक, त्याच्या शेजारी दुसरा. त्रिशला मनात म्हणत होती, लागू दे वेळ, अजून लागू दे. मग एकदम एक हजार एकशे दहा आलं, पाठोपाठ एक हजार दोनशे साठ. बाराशेच्या पलीकडं गेलं तर औषध नाही. आता तिला दोन्हीकडून भीती होती. जुळायलाही हवं होतं आणि बाराशेच्या आत राहायलाही.

अठरावं वाक्य अक्कानं मोठ्यानं वाचलं. "शी पोर्ड द ऑइल थ्रू अ फनेल." ऑइलवर बोट लगेच पडलं. दुसऱ्या शब्दापाशी ते हवेत राहिलं. अक्काच्या कपाळावर आठ्या पडल्या. कुणीतरी ओळखीचं माणूस रस्त्यात भेटावं, हसावं आणि त्याचं नावच आठवू नये, तशी ती त्या शब्दाकडं बघत होती. बोट टेकलं तेव्हा त्रिशलानं आकड्याकडं पाहिलंच नाही.

शेवटची दोन वाक्यं झाली. यंत्रानं सरासरी काढायला जितका वेळ घेतला तितका वेळ त्रिशला डोळे मिटून होती.

"नऊशे साठ," डॉक्टर म्हणाल्या. "ठेवण जुळली. रेषेच्या आत आहे." त्यांनी निवेदनाचा कागद उचलून फाइलमध्ये लावला. "पहिलं इंजेक्शन गुरुवारी. आणि मगदूमबाई, हा कागद नियमाप्रमाणं शिक्षण कार्यालयालाही जाईल. मला तो थांबवता येणार नाही."

"माहितीय," त्रिशला म्हणाली. ती जमिनीवर बसली होती ती तशीच बसून राहिली.

अक्का अजून पडद्याकडं पाहत होती. डॉक्टर फाइल घेऊन बाहेर गेल्यावर तिनं चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि बोटानं मागं जाऊन ते अठरावं वाक्य शोधून काढलं.

"हे काय होतं गं?"

"फनेल. नरसाळं."

"म्हणजे?"

"वरून रुंद असतं, खाली निमुळतं होत जातं. टोकाला नळी असते. बाटलीच्या तोंडात बसवायचं आणि वरून तेल ओतायचं, म्हणजे सांडत नाही. आपल्याकडं पितळेचं आहे, फडताळात."

अक्का लक्ष देऊन ऐकत होती. पुढच्या बाकावरची मुलगी ऐकते तशी, हात मांडीवर घेऊन.

"परत सांग," ती म्हणाली.